शीर्षक जरा वर घ्या

आमच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. ती खुर्ची बिरादार मॅडमची. बाहेरचे पाहुणे येवोत, प्राचार्य हात जोडून "मॅडम, पुढं या" म्हणोत, त्या जागच्या हलायच्या नाहीत. "पुढं बसलं की सगळंच बरं दिसतं," एवढं म्हणायच्या आणि पिशवीतून चष्म्याची डबी काढून मांडीवर ठेवायच्या. डबीत चष्मा नसायचा. तो डोक्यावर असायचा, नाहीतर स्टाफरूमच्या टेबलावर राहिलेला असायचा. मग कुणीतरी पळत जाऊन तो आणायचं आणि तोवर कार्यक्रम थांबायचा.

दिवे मालवले जायचे. पडद्यावर एखाद्या विद्यार्थ्याचा आलेख यायचा. तो घसा साफ करून "नमस्कार, माझ्या संशोधनाचा विषय" इथपर्यंत पोचायचा, आणि मागून आवाज यायचा, "बाळा, शीर्षक जरा वर घे."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, स्वच्छ. वर्गाच्या बाहेर पाय पडला की उदगीरची बोली सुरू. अंगाने बुटक्या, चालायला झपझप, कायम सुती इरकली साडी, आणि कुत्र्याची जबरदस्त भीती. कॉलेजच्या फाटकात एक म्हातारं, दात पडलेलं कुत्रं झोपलेलं असायचं. मॅडम रिक्षातून उतरून रस्त्यापलीकडूनच वॉचमनला हाक मारायच्या, आणि त्याने कुत्र्याच्या नि त्यांच्या मध्ये उभं राहिल्याशिवाय आत यायच्या नाहीत. त्याच मॅडम विद्यापीठातून आलेल्या बड्या परीक्षकाला भर सभेत "तुमचा आलेख वाचता येईना" म्हणून सांगायच्या.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध नाही त्यांना हे वेड वाटेल, म्हणून थोडं सांगतो. समजा, दोन वाफ्यांत सोयाबीन पेरलं, एकाला एक खत दिलं, दुसऱ्याला दुसरं. उत्पादनाचे दोन खांब काढले. एक खांब उंच आला. पण हा फरक खरा, की नुसता योगायोग? ते गणिताने तपासतात, आणि दोन्ही खांबांच्या डोक्यावर आडवा कंस काढून उत्तर त्यावर लिहितात. फरक खात्रीचा असेल तर छोट्या चांदण्या, नाहीतर पी-मूल्य नावाचा आकडा. जेवढ्या जास्त चांदण्या तेवढी खात्री मोठी. खात्री नसेल तर तसं दोन-तीन शब्दांत. ही खूण इवलीशी असते, पण आलेखाचा जीव तिच्यात असतो. अडचण अशी की ती नेमकी वर, शीर्षकाच्या शेजारी असते. कंप्युटर शीर्षक आपल्या ठरल्या जागी आणून ठेवतो. खाली खूण आहे की नाही याचं त्याला काय! मग शीर्षकाची जाडजूड अक्षरं चांदण्यांवर बसतात, आणि बघणारा फक्त शीर्षक वाचून घरी जातो.

यावरचा उपाय मॅडम सगळ्यांना त्याच क्रमाने सांगायच्या. आधी उभा अक्ष खांबांच्या उंचीपेक्षा बराच वर वाढवायचा, म्हणजे कंसाला आणि चांदण्यांना मोकळी हवा मिळते. मग शीर्षक चौकटीच्या बाहेर, अंतर सोडून ठेवायचं. लांबलचक असेल तर छाटायचं. तरी मावेना तर आलेखाच्या खाली लिहून मोकळं व्हायचं. "आधी आकडे बसू द्या, मग खुणा," त्या म्हणायच्या, "शीर्षक शेवटी. घरचा माणूस पाहुण्यांच्या आधी ताटावर बसतो का?"

माझी आणि त्यांची ओळख अशाच एका आलेखावरून झाली. मी नवीन होतो. तुरीच्या बियाण्याच्या उगवणीवर एक निबंध वाचायचा होता. आलेख मी रंगीत काढला होता, त्यावर दोन ओळींचं भारदस्त शीर्षक, अगदी माझ्या गाईडच्या नावासकट. स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून मी तो सगळ्यांना दाखवत होतो. मॅडम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाकरी खात होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं,

"सर, तुमच्या तुरीला चांदण्या किती मिळाल्या?"

"तीन," मी अभिमानाने म्हणालो.

"मला एकच दिसून राहिली. दोन कुठं गेल्या?"

मी वाकून बघितलं. दोन चांदण्या माझ्या गाईडच्या आडनावाखाली गेल्या होत्या.

"गाईडसाहेबांना म्हणावं, जरा सरकून बसा," मॅडम म्हणाल्या, आणि मला जवळ बोलावून अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. भाकरी खाता खाता त्यांनी अक्ष कसा वाढवायचा ते दाखवलं. त्या दिवसापासून आमचा डबा एकत्र.

विद्यार्थी सुटून गेले तरी हा आवाज त्यांच्या मागे राहायचा. पुण्या-हैदराबादेत नोकरीला लागलेली मुलं मोबाइलवर आलेख पाठवायची आणि मॅडम रिक्षात, भाजीवाल्यापुढे, कुठेही उभ्या राहून उत्तर पाठवायच्या. उत्तर लिहायच्या नाहीत, बोलून पाठवायच्या. स्टाफरूममध्ये आम्हाला ते फुकट ऐकायला मिळायचं. "आलेख मस्त हाय गं बाई. पण तुझं पी-मूल्य शीर्षकाच्या काखेत अडकलंय, त्याला भाईर काढ." एकदा एका मुलाने उलट विचारलं की मॅडम, कंप्युटरनेच ते तसं ठेवलं, मी काय करू? त्यावर मॅडम खरंच चिडल्या. "तुला काय सांगायचंय ते कंप्युटरला माहीत हाय का? मग? त्यानं ठेवलं म्हणून तू ठेवून घेतलंस?"

हे वेड फक्त आलेखापुरतं असतं तर बरं होतं. एका वर्षी स्नेहसंमेलनाचं फ्लेक्स करायचं काम मॅडमकडे आलं. संस्थेच्या दिवंगत संस्थापकांचा मोठा फोटो मध्यभागी, वरच्या ओळीत पाहुण्यांचे फोटो, त्यांतले सगळ्यात मोठे एक आमदार. दुकानदाराने नमुना दाखवला. 'वार्षिक स्नेहसंमेलन' ही लाल अक्षरं बरोबर संस्थापकांच्या डोळ्यांवरून गेली होती.

"शीर्षक वर घ्या," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वर जागाच न्हाई. वर आमदारसाहेब हायेत."

"मग आमदारसाहेबांना खाली घ्या."

दुकानदाराने दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, माझं दुकान हाय हो इथं," तो कळवळून म्हणाला.

तासभर हा वाद चालला. प्राचार्यांचे फोन येत होते, ते वैतागून "जे आहे ते छापा" म्हणत होते, आणि मॅडम "हाव सर, हाव सर" म्हणून फोन ठेवून पुन्हा दुकानदाराच्या खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहत होत्या. शेवटी शीर्षक संस्थापकांच्या छातीखाली आलं. डोळे मोकळे झाले, आमदार वरच राहिले. फ्लेक्स इतकं सुबक दिसलं की प्राचार्यांनी त्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. पण महिनाभर ते मॅडमशी नीट बोलले नाहीत हेही खरं. हट्टीपणाने माणसं दुखावतात हे त्यांना कळायचं, पण फार उशिरा. मग त्या ज्याला दुखावलं त्याच्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी आणायच्या. प्राचार्यांना दोन बरण्या मिळाल्या.

घरी त्यांचा सामना अप्पांशी असायचा. अप्पा म्हणजे त्यांचे यजमान, हायस्कूलमधून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक, शांत आणि मिस्कील. ते जलरंगात निसर्गचित्रं काढायचे आणि सही मुद्दाम ठळक करायचे. मॅडम चहाचा कप घेऊन चित्रापुढे उभ्या राहायच्या. "अहो, झाड छान हाय. पण सही बुंध्यावर कशाला?" अप्पा ब्रश धुता धुता म्हणायचे, "तुला बोलायला काहीतरी पाहिजे ना, म्हणून." त्या स्वयंपाकघरात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या त्याही अगदी बुडाशी, डाळ किती उरली ते दिसलं पाहिजे. एवढं करून डाळ आणायला विसरायच्याच.

आता मारोतीबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत.

मारोती भोकरजवळच्या एका गावचा. घरची शेती, हळद आणि सोयाबीन. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला आला तेव्हा इतका लाजाळू की वर्गात प्रश्न विचारायचा नाही. तास संपल्यावर मॅडमच्या मागे मागे रिक्षापर्यंत चालायचा आणि रिक्षा सुटता सुटता शंका विचारायचा. मॅडम रिक्षा थांबवायच्या. मीटर चालू ठेवून रस्त्याच्या कडेला त्यांनी त्याला किती शिकवलं असेल! त्याचे आलेख वर्गात सगळ्यात देखणे. त्याच्या आलेखाला "वर घे" म्हणायची वेळ मॅडमवर कधी आली नाही. तो पास झाला आणि लातूरला बियाण्याला लावायची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. पहिल्या पगारात त्याने मॅडमना साडी आणली. गुलाबी. मॅडमनी आयुष्यात गुलाबी नेसली नव्हती. ती मात्र नेसून आल्या.

त्यानंतर दीडेक वर्षाने लातूरला पेरणीच्या आधी एक मेळावा होता. घरच्या घरी बियाण्याची उगवण कशी तपासायची, यावर बोलायला मला बोलावलं होतं. मॅडमची बहीण लातूरला असते, म्हणून त्याही गाडीत बसल्या. हॉल भरलेला होता. शेतकरी, कृषी केंद्रवाले, आमच्यासारखे दोन-चार मास्तर. माझं बोलणं झालं आणि कंपनीच्या वतीने बोलायला मारोती उभा राहिला. मॅडम मागच्या रांगेत ताठ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की शेजारच्या बाईंना त्यांनी सांगितलंसुद्धा, "माझा विद्यार्थी हाय."

पडद्यावर आलेख आला. दोन खांब, बिनपावडरचा आणि पावडरचा. पावडरचा जरा उंच. आणि वर हिरव्यागार पट्टीत, 'उत्पादनात भरघोस वाढ!'

मॅडमचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सर," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "त्या पट्टीखाली कायतरी हाय."

"मला नाही दिसत."

"कंस हाय. कंसाचे पाय दिसून राहिलेत बघा, पट्टीच्या खालून."

बघितलं तर खरंच, दोन बारीक उभ्या रेघा हिरव्या पट्टीतून खाली डोकावत होत्या. मारोती बोलत होता, पण पडद्याकडे बघत नव्हता. एकदाही त्याने मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, आता मॅडम उठणार. बड्या परीक्षकाला न सोडणारी बाई ही.

"विचारा ना," मी म्हणालो.

"नको."

"अहो, पण..."

"सर, एवढ्या लोकांत नको. पोरगं माझं हाय."

चहाची सुट्टी झाली. मॅडम चहा न घेता सरळ स्टेजपाशी गेल्या. मी मागे होतो. मारोती पुढे येऊन पाया पडला. "मॅडम! तुम्ही येणार हे सांगितलं न्हाई!"

"तुझा आलेख उघड जरा."

त्याने लॅपटॉप उघडला.

"शीर्षक वर घे."

त्याचा हात माऊसवर थांबला. "मॅडम, वर जागा न्हाई."

"जागा कर. शिकवलंय तुला."

त्याने उभा अक्ष वाढवला. खांब बुटके झाले, वर मोकळी जागा आली. मग हिरवी पट्टी वर सरकवली. तिच्याखाली कंस होता आणि कंसावर बारीक अक्षरांत तीन शब्द, 'फरक लक्षणीय नाही.'

चहाच्या कपांचे आवाज येत होते.

"मी बरोबर केला होता मॅडम," मारोती खालच्या आवाजात म्हणाला. "शीर्षक साधं होतं. साहेब म्हणले, मोठं करा, रंग द्या. केलं तसं ते खाली आलं. मी बघितलं होतं. मला वाटलं, आपण कुठं काय खोडलंय? हाय की खाली."

मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. आजारी मुलाकडे बघावं तसं.

"मी उठून काही विचारणार न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि काय करू म्हणून तूही मला विचारू नको. नोकरी तुझी हाय, घर तुझं हाय. मी जाऊन बसते."

आणि त्या जाऊन बसल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

सुट्टीनंतर प्रश्नोत्तरं होती. लातूरजवळच्या मुरुडहून आलेले व्यंकटराव नावाचे एक उंच, पांढऱ्या मिशांचे शेतकरी उभे राहिले. "ते पावडर एकराला किती घ्यायचं, तेवढं सांगा. बाकी समजलं."

मारोतीने माइक हातात घेतला. पुढच्या रांगेत त्याचे साहेब बसले होते. त्याने एक बटण दाबलं आणि पडद्यावर नवा आलेख आला. शीर्षक वर. खाली कंस. तीन शब्द.

"काका, किती घ्यायचं ते सांगतो," तो म्हणाला, "पण त्याच्या आधी एक राहून गेलं. दोन खांबांत जो फरक दिसतोय ना, तो पावडरनंच आला असं या प्रयोगावरून म्हणता येत न्हाई. काही शेतांत जास्त निघालं, काहींत कमी. अजून एखादा हंगाम बघावं लागंल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"मंग घिऊ नको म्हणता का?" व्यंकटरावांनी सरळ विचारलं.

"घ्या, पण सगळ्या रानात नको. एका पट्ट्यात टाका, शेजारचा पट्टा बिनपावडरचा ठेवा. दोन्हीची रास वेगळी मोजा."

व्यंकटराव "बरं" म्हणून खाली बसले. मारोती घामाघूम झाला होता. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त एकदा मान हलवली, आणि ती त्याला दिसली.

पंधरवड्यात त्याची नोकरी गेली. कारण दुसरंच सांगितलं. सांगायचं ते कारण कुणाकडेही असतंच. तो भोकरला घरी गेला.

त्या दिवसांत मी मॅडमना पहिल्यांदा गप्प बघितलं. डबा उघडायच्या आणि तसाच झाकायच्या. सेमिनारमध्ये एका मुलीचं शीर्षक चांदण्यांवर बसलेलं होतं आणि मागून आवाज आला नाही. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अप्पा मला म्हणाले, "तिला समजवा हो. ती म्हणते, मी बरोबर होते, पण नोकरी त्याची गेली, माझी न्हाई गेली."

एका रविवारी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. आम्ही भोकरला मारोतीच्या घरी गेलो. मला वाटत होतं, ऐकून घ्यावं लागणार. मारोतीचे वडील अंगणात खाट टाकून बसले होते. त्यांनी उठून रामराम केला आणि म्हणाले, "पोरगं घरी हाय म्हून हळदीची लावण यंदा येळेवर चाललीय बगा. मला काय तक्रार न्हाई." मग मारोतीची आई चहा घेऊन आली. कप खाली ठेवून ती म्हणाली, "मॅडम, तुमी चांगलंच शिकवलं असंल. पर सोयरीक ठरली व्हती. नोकरी गेली म्हणल्यावर पोरीकडचे थांबलेत. आता म्या काय करू ते सांगा."

तिचं बोलणं तिखट नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मॅडमनी समजूत घातली नाही, शिकवणही दिली नाही. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. मग म्हणाल्या, "पोरीकडचा नंबर द्या मला."

तिथेच, ओसरीवर बसून, त्यांनी फोन लावला. मुलगी देगलूरकडची, शाळेत शिकवणारी. फोन तिच्या वडिलांनी उचलला. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. मारोतीने पट्टी आधी बघितली होती आणि तो गप्प बसला होता, हेही सांगितलं. मारोती दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मान खाली घातली. "आणि मग त्यानं भर सभेत आपल्या हातानं खरा आलेख दाखवला," मॅडम म्हणाल्या. "सभेत दाखव म्हणून कुणी सांगितलं न्हाई. मीसुद्धा न्हाई. नोकरी दुसरी मिळंल. मिळंपर्यंत थांबायचं असंल तर थांबा, पण पोराला खोटा समजून थांबू नका."

पलीकडून त्या मुलीचाच आवाज आला. फोन स्पीकरवर असावा. "मॅडम, ते दोन्ही आलेख मला पाठवता येतील का? आधीचा आणि नंतरचा?"

मॅडमनी मारोतीकडे बघितलं. त्याने पाठवले. संध्याकाळी आम्ही नांदेडला पोचायच्या आत त्याचा फोन आला. मुलीने दोन्ही बघितले आणि घरात विचारलं, यात थांबण्यासारखं काय आहे? मॅडमनी फोन ठेवला, आणि मला रस्त्याकडेच्या पहिल्या हॉटेलात गाडी थांबवायला लावून दोन प्लेट भजी मागवली. दोन्ही त्यांनीच खाल्ली.

दुसरी नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. हंगाम संपत आला तेव्हा मला एक फोन आला. मुरुडचे व्यंकटराव. "सर, ते दोन पट्टे ठेवा म्हणणारं पोरगं कुठं हाय? पट्टे आम्ही आठ-दहा जणांनी ठेवलेत. राशी वेगळ्या मोजल्या. कुणाचं जास्त आलंय, कुणाचं कमी आलंय. आता त्याचा अर्थ काय काढायचा, ते आमच्यापैकी कुणालाबी येईना."

मी मारोतीला पाठवलं. तो दोन दिवसांसाठी गेला आणि महिनाभर राहिला. त्या पावडरचा निकाल तोच निघाला: खात्री नाही. पण गप्पांतून त्यांना कळलं की पेरणीचं अंतर बदललेल्या पट्ट्यांत मात्र फरक ठळक होता. व्यंकटरावांचा शेतकऱ्यांचा गट होता. त्यांनी मारोतीला धरून ठेवलं. सुरुवातीला जेमतेम मिळायचं. मग आजूबाजूचे गट आले, लातूरचे काही डॉक्टर आपल्या प्रबंधांचे आकडे घेऊन यायला लागले. आता मुरुडला त्याचं छोटं ऑफिस आहे. लग्न भोकरला झालं. मॅडम गुलाबी साडी नेसून आल्या होत्या आणि मांडवात मारोतीच्या आईशेजारी बसून त्यांनी पंगतीला तूप वाढलं. त्या दोघींचं मांडवात काय बोलणं चाललं होतं कोण जाणे, पण दोघी डोळे पुसून पुसून हसत होत्या.

मॅडम निवृत्त झाल्या आणि अप्पांना घेऊन उदगीरला राहायला गेल्या. माहेरच्या गल्लीतच घर घेतलं. कॉलेजने निरोप समारंभ केला. प्राचार्य बदलले होते, भाषणं लांबली. मॅडम बोलायला उठल्या आणि "मुलांनो, मला इथं लई बरं वाटलं," एवढंच म्हणून खाली बसल्या.

परवा उदगीरला एका परीक्षेच्या कामासाठी गेलो होतो. काम लवकर संपलं. बॅगेत माझ्या नव्या निबंधाचे आलेख होते. म्हटलं, मॅडमना दाखवून घेऊ. घरी अप्पा एकटेच होते. "किल्ल्याकडं फिरायला गेलीय," ते म्हणाले. "गल्लीतल्या बायकांची टोळी केलीय तिनं. जा, भेटेल."

ऊन उतरलं होतं. किल्ल्याच्या वाटेवर समोरून सात-आठ बायका येताना दिसल्या. मधोमध मॅडम, पायात पांढरे बूट, पदर कमरेला खोचलेला. त्या मोठ्याने काहीतरी सांगत होत्या आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. कन्नडमध्ये चाललं होतं सगळं. त्यांची घरची भाषा कन्नड हे मला ठाऊक होतं, पण ती त्यांच्या तोंडून अशी भरधाव ऐकली नव्हती. आवाज वेगळा होता, हातवारे वेगळे होते. एखादी तरुण पोर बोलावी तशा त्या बोलत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता आणि तरी मी हसायला लागलो.

त्यांनी मला बघितलं. हात वर केला. थांबल्या नाहीत, गोष्ट अर्धी सोडायची नव्हती. बायकांसकट माझ्या अंगावरून पुढे गेल्या आणि जाता जाता मान वळवून ओरडल्या, "बन्नी सर, बन्नी!"

बन्नी म्हणजे या; हा एवढाच शब्द मला कळला. मी बॅग खांद्यावर नीट केली आणि त्यांच्या मागे चालायला लागलो.